पाळकसाहेबांचं पाप

लातूरच्या आमच्या मिशन कंपाउंडात कुणी भेटलं की लोक म्हणायचे, "सलाम, बरं आहे ना?" आमचे पाळकसाहेब म्हणायचे, "सलाम. भीती कशी आहे?"

नवीन माणसाला वाटायचं, आपणच चुकीचं ऐकलं. मग साहेब खुलासा करायचे, "मरणाची भीती हो. कमी आहे का जास्त?" हा प्रश्न त्यांनी हळद लागलेल्या नवरदेवाला विचारला होता, ओल्या बाळंतिणीला विचारला होता आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही विचारला होता. एकदा दाढी करून घेताना, वस्तरा स्वतःच्याच गळ्यावर असताना, न्हाव्याला विचारला. तो न्हावी पुन्हा कंपाउंडात फिरकला नाही. उलट साहेबांना कुणी तेच विचारलं, तर ते ताप सांगावा तसं सांगायचे, "काल संध्याकाळी फार होती. सकाळी ओव्याचं पाणी घेतलं, आता उतरली आहे." हे ओव्याचं पाणी ते औषधाच्या एका जुन्या बाटलीत भरून कोटाच्या खिशात ठेवत. ती बाटली लक्षात ठेवा, तिनं पुढे फार घात केला.

माणूस ताडमाड उंच, पाठीत वाकलेला. कोट मूळचा काळा, पण उन्हानं विटून मातकट झालेला. लग्न केलेलं नव्हतं. दुष्काळाच्या आधी एक-दोन वर्षं ते किनवटकडून बदलून आमच्याकडे आले. माझे वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते आणि चर्चच्या समोरच्या ओळीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यामुळे साहेबांचं येणं, जाणं, शिंकणं, सगळं आमच्या दारातून दिसायचं.

पाळक म्हटला की त्यानं रविवारी पापावर बोलावं, मंडळींनी माना खाली घालाव्यात आणि घरी जाऊन मटण खावं, ही आमच्याकडची रीत. हे साहेब उपदेशाला उभे राहिले की पापाचं नावच घेत नसत. "माणूस चुकतो म्हणून मरतो, असं तुम्हाला शिकवलं," ते म्हणायचे. "मला ते उलटं वाटतं. माणूस मरणाला भितो, आणि भितो म्हणून चुकतो. भ्यालेला माणूस धान्य लपवतो, खोटं बोलतो, दुसऱ्याला ढकलून पुढे जातो. त्याला आणखी कशाला भिववायचं? तो आधीच मेला आहे भीतीनं." मंडळींना हे काही पचत नव्हतं. खाली मान घालायला जागाच मिळायची नाही. बायका घरी जाताना म्हणायच्या, "आज बी पापाचं काई न्हाई. मंग आलो कशाला?"

आणि गंमत पाहा. चर्चमध्ये जो शब्द हा माणूस तोंडातून काढत नव्हता, तोच शब्द बाहेर आला की प्रत्येकाच्या तोंडावर फेकायचा. लंगडणारी शेळी दिसली, साहेब थांबायचे. जीभ टाळूला लावून "च्च" करायचे आणि म्हणायचे, "पाप." खोकणारा म्हातारा दिसला, "पाप." उन्हात अनवाणी चाललेली बाई दिसली, "च्च. पाप." आम्ही पोरं त्यांना मागं पाळकसाहेब न म्हणता पापसाहेब म्हणायचो. आज कुणाला पाप म्हटलं, याची आमच्यात चढाओढ लागायची. गुडघा फोडून त्यांच्यासमोर गेलं की हमखास मिळायचं. मोठी माणसं मात्र हसत नव्हती. पाळकाच्या तोंडून पाप ऐकल्यावर त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कंपाउंडातली विहीर तळाला गेली. माझी आई खडी फोडायच्या कामावर जायला लागली. तिथे सुकडीचं पीठ मिळायचं आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीला ना चव, ना वास. जो तो विचारत होता, हे कुणाच्या कर्माचं फळ? आणि आमचे साहेब हाडं निघालेल्या गुरांकडे, रिकाम्या घागरींच्या ओळीकडे बघत "पाप… पाप…" करत गावभर हिंडत होते. मंडळींनी हिशेब जुळवला. पाळकाला दिसलंय, हा दुष्काळ पापाचाच आहे.

एक दिवस कंपाउंडाच्या मागच्या ओळीतला एक माणूस साहेबांना रस्त्यात भेटला. त्याच्या बरगड्या बाहेर आल्या होत्या. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाप." तो माणूस पांढरा पडला. संध्याकाळी मिलोचं अर्धं पोतं डोक्यावर घेऊन तो साहेबांच्या दारात आला आणि ढसाढसा रडला. शाळेच्या पोरांसाठी आलेलं ते धान्य त्यानंच पळवलं होतं. साहेब गांगरून गेले. माझ्या वडिलांना म्हणाले, "मी तर ह्याला काहीच बोललो नव्हतो हो. हा आपण होऊन कसा काय आला?" वडिलांना वाटलं, केवढा हा विनय! कंपाउंडात मात्र सगळ्यांनी धसका घेतला. साहेब समोरून येताना दिसले की माणसं आपापली पापं आठवत दुसऱ्या वाटेनं जायची.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना गार करून टाकलं. कंपाउंडाच्या मागे भिंतीपलीकडे आमची दफनभूमी आहे. जमीन इतकी टणक झाली होती की पहार आपटली की ठिणगी उडायची, आणि उपाशी माणसांच्या अंगात खणायचं बळ नव्हतं. साहेबांनी स्वतःची कबर आधीच खणून ठेवली. रोज थोडी थोडी, स्वतःच्या हातानं. आणि खणून झाल्यावर दुपारच्या वेळी तिच्यात जाऊन बसायला लागले! आम्ही पोरं भिंतीवरून डोकावलो तर आत कोट घडी करून उशाला घेतलेला, आणि साहेब बाटलीतून ओव्याचं पाणी पितायत. आमच्यातल्या एकाला तिथल्या तिथं ताप चढला. वडील भीत भीत विचारायला गेले, तर आतून आवाज आला, "गार आहे हो इथं. आणि रोज बसलं की ओळख होते. ओळखीच्या जागेला कोण भितं?"

त्या कबरीत साहेब गेले नाहीत. माझा धाकटा भाऊ गेला.

तो काही महिन्यांचा होता. हगवण लागली आणि एका दिवसात आटोपलं. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आई म्हणायची, पाऊस पडू दे, चार माणसं बोलावू, गोडधोड करू, मग करू. पाऊस पडला नाही. नवा खड्डा खणायला कुणाच्यात त्राण नव्हतं, तेव्हा साहेब वडिलांना म्हणाले, "माझी जागा तयार आहे. त्याला द्या."

एवढंसं ते गाठोडं आणि एवढा मोठा सहा फुटी माणसाचा खड्डा. मी आईच्या पदराला धरून काठावर उभी होते. दोरीनं सोडण्याइतकंही वजन नव्हतं, म्हणून साहेब स्वतः आत उतरले. वडिलांनी वरून बाळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं, कापड सारखं केलं आणि तिथंच गुडघ्यावर बसून राहिले. आणि मग त्या खड्ड्यातून त्यांचा आवाज आला. "पाप," ते म्हणाले. "पाप… पाप…"

आईच्या अंगाला कंप सुटला तो मला पदरातून कळला. मागे उभ्या असलेल्या बायकांत कुजबुज झाली. शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, "बाप्तिस्मा झालता कुठं लेकराचा?"

आई त्या दिवशी रडली नाही. पुढेही रडली नाही. पण माझी आई बदलली ती तिथून. आधी ती कंपाउंडातली गरीब गाय म्हणून प्रसिद्ध होती. दुष्काळ सरल्यावर तिनं एक म्हैस घेतली आणि दुधात उघड उघड पाणी घालायला लागली. वडीलधाऱ्यांना शिव्या द्यायची. मावशींच्या दारच्या शेवग्याच्या शेंगा भरदुपारी तोडून आणायची. आणि रविवारी, उपासनेची घंटा झाली की चर्चच्या दरवाजासमोर पोळपाट टाकून पापड लाटायला बसायची! आत गीत चाललंय आणि बाहेर लाटण्याचा खडखडाट. वडील हात जोडायचे, मी शरमेनं मरायची. तिचं ठरलेलं उत्तर होतं, "मला करू द्या. तुमी जावा आत."

उपासनेला जाताना साहेब दर रविवारी तिच्यासमोर थांबायचे. "सलाम बाई. भीती कशी आहे?" ती वर बघायची नाही. ते क्षणभर उभे राहायचे, "च्च. पाप," म्हणायचे आणि आत जायचे. लाटण्याचा आवाज दुप्पट व्हायचा.

साहेबांनी स्वतःसाठी दुसरी कबर खणली, बाळाच्या अगदी शेजारी. पुन्हा दुपारी तिच्यात बसायला लागले. आणि मग कुणीतरी उठवलं की पाळक कबरीत बसून दारू पितो. बाटली तर सगळ्यांनी पाहिली होती. झालं, मंडळींनी वर तक्रार केली. चौकशीला वरचे साहेब आले. पंचायत बसावी तशी सगळी मंडळी चर्चमध्ये बसली. तक्रारी तीन. पाळक चर्चमध्ये पापावर बोलत नाही. पाळक रस्त्यात दिसेल त्याला पाप म्हणतो. पाळक कबरीत दारू पितो.

पहिली तक्रार त्यांनी कबूल केली. तिसऱ्या तक्रारीवर बाटली काढून वरच्या साहेबांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला, पण घसा खाकरून म्हणाले की आजच्या बाटलीनं आजचंच सिद्ध होतं. दुसऱ्या तक्रारीवर मात्र पाळकसाहेब उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी आजवर एकाही माणसाला पापी म्हटलेलं नाही."

ज्यांना त्या सकाळीच पाप म्हटलं होतं, ते तिथं समोर बसले होते. पाळक वेडा असू शकतो, हे आम्ही पचवलं होतं. पाळक वेदीपुढे उभा राहून धडधडीत खोटं बोलतो, हा धक्का आमच्या कंपाउंडाला सोसला नाही. महिन्याभरात साहेबांना घरी बसवलं. ते उदगीरला आपल्या विधवा बहिणीकडे गेले. जायच्या दिवशी आमच्या दारासमोर थांबून त्यांनी आईला सलाम केला. आईनं दार लावून घेतलं.

यानंतर बऱ्याच वर्षांनी लातूर जिल्हा झाला. आधी दाखल्यासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालावे लागत, ते बंद झाले. गावात जिकडे तिकडे पाट्या रंगवायचं काम निघालं, भाडी वाढली आणि मला एका नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. वडील त्याआधीच गेले होते. नोकरीची बातमी सांगितली तर आई म्हणाली, "बरं झालं. आता मेलेल्याचा दाखला बी इथंच भेटंल." तेव्हा मी हसले. तिच्या पोटात गाठ आहे हे तिला आधीच कळलं होतं, मला नंतर कळलं. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं.

नवे पाळक तरुण आणि भला माणूस. ते घरी प्रार्थनेला आले. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला, तर आईनं अंथरुणात उठून त्यांचा हात झटकला. "न्हाई! प्रार्थना करू नका!"

"का, बाई?"

"लागू पडंल."

ते बिचारे माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन आईवर भडकले. मरायला टेकलीस तरी तुझा हट्ट जात नाही का, असं काहीबाही बोलले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला वर न्हाई जायचं, पोरी."

"मग कुठं जायचंय?"

"खाली. लेकरू तिथं हाय."

मला आधी काहीच कळलं नाही. ती छताकडे बघत सांगत होती. "पाळकसायबानं कबरीत उतरून सांगितलं न्हाई का? त्यो खोटं कशाला बोलंल? बिनबाप्तिस्म्याचं गेलं, पाप ठरलं. एकटं हाय तिथं. आता चालत असंल, बोलत असंल. आई कुणाला म्हनत असंल? तवाच मनलं, आपुन बी तिथंच जायचं. मनून तर एवढं करत राहिले. आयतवारी पापड लाटले, चोऱ्या केल्या, दुधात पानी घातलं. पर मला सुदं भ्याव वाटतंय. देव लई दयाळू हाय मनत्यात. त्यानं ऐनवेळी माफ केलं, आन् मला वर घेतलं, तर?"

इतकी वर्षं ज्या बाईची मला लाज वाटली, ती बाई एका लेकरासाठी नरकात जागा धरत होती. तिची मरणाची भीती ही माफीची भीती होती. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग संताप आला. सगळा संताप त्या एका माणसावर. कबरीत उतरून मेलेल्या तान्ह्या लेकराला पाप म्हणतोस?

दुसऱ्या दिवशी मावशींना आईजवळ बसवून मी उदगीरची एसटी धरली. त्या म्हाताऱ्याच्या कोटाला धरून आणायचं आणि आईसमोर शब्द मागं घ्यायला लावायचा, एवढंच डोक्यात होतं. ऊन रणरणत होतं. विचारत विचारत घर सापडलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती. दारात एक ठेंगणी म्हातारी तांदूळ निवडत होती. ती साहेबांची बहीण. तिनं माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे, धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, जीभ टाळूला लावून "च्च" केलं आणि म्हणाली,

"अय्यो, पाप!"

माझा तोल गेला. "माझं कसलं पाप?" मी दारातच ओरडले. "तुम्हा बहीणभावांना दुसरं काही दिसत नाही का? काय पाप केलंय मी?"

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं. ती घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "तसं न्हवं गं माय. आमी घरात कानडी बोलतो. आमच्यात तसंच मनतेत. तुमच्यात काय मनतेत… बिचारी! बिचारी मनतेत बगा. ऊन लागलं लेकराला, तर पाप. पडलं, झडलं, तर पाप. तुमच्या मराठीतलं पाप ते येगळं."

तिनं दिलेला पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. लंगडी शेळी माझ्या डोळ्यांपुढून गेली. खोकणारा म्हातारा गेला. मिलोचं पोतं घेऊन आलेला तो बरगड्यांचा माणूस गेला. आमचे फुटलेले गुडघे. "मी एकाही माणसाला पापी म्हटलेलं नाही." आणि मग तो खड्डा. बिचारं… बिचारं… बिचारं…

साहेब मागच्या दारानं आले. आणखी वाकले होते, कोट तोच. "सलाम बेटा," ते म्हणाले. "भीती कशी आहे?"

मी सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, तोंडावर फेकलं. पापड, शेंगा, दूध, नरक, सगळं. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

"मी म्हणालो?" त्यांनी विचारलं. "कबरीत? तोंडानं म्हणालो?"

"सगळ्यांनी ऐकलं."

"मला वाटायचं, मी मनात म्हणतो." ते बहिणीकडे बघत होते. "आई म्हणायची तो शब्द. म्हणून तर उपदेशात तो घेता येत नव्हता मला. ज्या शब्दानं आईनं मला उचललं, त्या शब्दानं मंडळीला कसं झोडपू? शास्त्र मी मराठीत शिकलो, पण आतून मला नेहमी वाटत आलं की माणसाची चूक बघून देव चिडत नसेल. आमच्या आईसारखं म्हणत असेल, पाप. पण हे बाहेर पडत होतं? रोज?"

त्यांनी चप्पलही घातली नाही. बहीण मागून चप्पल घेऊन धावली. एसटीत लातूर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "दर रविवारी तिच्यासमोर उभा राहून म्हणायचो मी."

आईनं त्यांना बघितलं आणि तोंड फिरवलं. साहेब खाटेजवळ उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं. आमच्या घरची भाषा कानडी, बाई. त्या भाषेत बिचाऱ्याला पाप म्हणतात. आईनं मान त्यांच्याकडे वळवली.

"बिचारं?" ती म्हणाली. "माझ्या लेकराला तुमी बिचारं मनलात?"

"हो बाई. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"मंग ते कुठं हाय?"

"देवाजवळ. त्या लेकराला नरकात टाकणारा देव असेल, तर हा कोट आज तुमच्या चुलीत घालतो."

मला वाटलं, आता ही रडेल, मोकळी होईल, आणि झालं. तर आई ताडकन उठून बसली. तिचे डोळे असे मोठे झालेले मी कधी पाहिले नव्हते. "लेकरू वर हाय? आन् मी? मी एवढं करून बसले! मी आता कुठं जाणार?"

मी कौतुकानं तो अर्थ घेऊन आले होते आणि त्या अर्थानं माझ्या आईला खरोखरच्या नरकाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. मी साहेबांकडे पाहिलं. आता प्रार्थना करतील, माफीचं काही म्हणतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. खाटेजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काय केलंत, सांगा."

"दुधात पानी घातलं."

"बरं."

"पर लेकरावाल्या घरी घातलं न्हाई. तिथं हात धजंना."

साहेबांच्या तोंडून "च्च" निघालं. ते थांबले. आईकडे बघितलं. मग मुद्दाम, मोठ्यानं म्हणाले, "पाप."

"मावशीच्या शेंगा चोरल्या."

"खाल्ल्या?"

"गिळवल्या न्हाईत. म्हशीला टाकल्या."

"अय्यो, पाप."

आईच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. ती एकेक सांगत गेली. शिव्या, पापड, वडिलांशी केलेली भांडणं. प्रत्येकावर साहेब तोच शब्द म्हणत होते आणि ती तो ऐकत होती, तहानलेलं माणूस पाणी पितं तशी. मग ती अडली.

"तुमी कबरीत दारू पिता मनून…" ती म्हणाली. "ते मी उठवलं. तुमी माझ्या लेकरापाशी बसून बाटलीनं पीत होता, मला सोसंना. मीच सांगितलं समद्यांना."

साहेबांची पाळकी गेली होती, घर गेलं होतं, अब्रू गेली होती त्या बाटलीपायी.

"मी तिथं त्याच्या सोबतीला बसायचो, बाई," ते म्हणाले. "जागा माझी होती. नवीन जागी लेकरू एकटं कसं ठेवायचं?"

आई रडली. इतक्या वर्षांचं ते रडणं होतं, मला बघवेना. त्या रडण्यात साहेब हळूच म्हणाले, "पाप." ते तिला म्हणाले की स्वतःला, मला आजही सांगता येणार नाही.

रडणं थांबल्यावर आईनं पदरानं डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना उलट विचारलं, "पाळकसायब, भीती कशी हाय?"

साहेबांनी ओव्याचं नाव काढलं नाही. "फार आहे, बाई," ते म्हणाले. "मला वाटायचं, ओळख झाली मरणाशी. पण तुमची ही सगळी वर्षं घेऊन देवासमोर कसा उभा राहू? मी लोकांची भीती मोजत हिंडलो, आणि माझ्याच तोंडातून…"

आईनं खाटेवरून हात खाली सोडला आणि त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला. जीभ टाळूला लावली.

"च्च," ती म्हणाली. "पाप."

नेमक्या त्याच वेळी मावशी पेज घेऊन दारात आल्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या हातातली वाटी हिंदकळली. आई त्याच आठवड्यात गेली. बाळाशेजारचा साहेबांनी खणलेला दुसरा खड्डा अजून तसाच होता. साहेबांनी तो तिला दिला.

मावशी पुढे कितीतरी वर्षं कंपाउंडभर सांगत होत्या की मरायला टेकली तरी बाईची मस्ती गेली नाही, तिनं पाळकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पाप म्हटलं. लोक मला विचारायचे, खरं का गं हे? मी सांगायची, हो, खरं आहे. अगदी असंच म्हणाली.